दुधाचा आहे, पडेल

मेजर जाधव बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. नवा माणूस त्यानं बावरून जाई. मीही गेले होते. रहिमतपूरच्या प्राथमिक शाळेत मी नुकतीच लागले होते, पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून भाजलेल्या शेंगा खात होते. खाकी विजार, पांढरा सदरा आणि हातात पत्र्याची छोटी पेटी, असे एक उंच, ताठ गृहस्थ माझ्यासमोर येऊन थांबले. थोडा वेळ माझ्या जबड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, डाव्या बाजूनं चावत नाही तुम्ही. दाढ दाखवून घ्या कुणाला तरी. मला नको. मी मोठ्यांचं बघत नाही."

एवढं बोलून ते माझ्याच वर्गात शिरले. आत मुलांनी आपापली तोंडं आधीच उघडून ठेवली होती.

मेजर मूळचे रहिमतपूरचेच. घरची बागाईत शेती, भाऊबंद सगळे उसात. हे एकटे शिकले, दातांचे डॉक्टर झाले आणि सैन्यात गेले. जवानांचे दात बघण्यात तरुणपण काढलं आणि निवृत्तीला बरीच वर्षं शिल्लक असताना अचानक नोकरी सोडून गावी परत आले. का सोडली ते कुणाला ठाऊक नव्हतं. सांगलीला विश्रामबागेत त्यांचं घर होतं, तिथं बायको राहत होती. हे मात्र इथं मळ्यातल्या खोलीत एकटे राहत, हातानं भाकरी थापत आणि महिन्यातून एखाद्या वेळी सांगलीला जाऊन येत. सायकलवरून आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत जायचं आणि लहान मुलांचे दात बघायचे, एवढंच त्यांचं काम. गुरुवार आमच्या शाळेचा. गावातले लोक मागं बोलत, "पेन्शन खात बसायचं सोडून पोरांची तोंडं हुंगत फिरतोय."

हुंगत ते खरंच. मुलानं तोंड उघडलं की आधी वास घेत, मग आत बघत. दातांना लावायचा छोटा आरसा आधी मुठीत धरून उबवून घेत, म्हणजे गार लागून मूल दचकू नये. "दुखतं का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, सुई दिसली की कुठलंही पोर नाहीच म्हणणार. ते विचारत, "रात्री उठतोस का रं?" आणि "कंच्या कुशीवर झोपतोस?" मुलं खरं सांगून टाकत.

दुष्काळाची ती वर्षं होती. शाळेत मुलांना गोड भरड पिठाची सुकडी वाटली जायची. सुकडीच्या वेळी मेजर व्हरांड्याच्या पायरीवर बसून नुसते बघत राहत. एकाच बाजूनं चघळणारं, घास गालात धरून ठेवणारं, गार पाणी पिताना डोळे मिटणारं मूल त्यांनी हेरलं की खाणं झाल्यावर त्याला हळूच बाजूला घेत. मग खिशातली शिट्टी वाजवत. शिट्टी वाजली की सगळ्या शाळेनं एकेक घोट पाणी तोंडात घेऊन चूळ भरायची आणि शेवग्याच्या आळ्यात थुंकायची. पाण्याची मारामार असताना हे काय खूळ, म्हणून हेडमास्तर कुरकुरले. मेजर म्हणाले, "गुरुजी, घोटभर पाणी आहे. तेही झाडाला जातंय." त्या उन्हाळ्यात गावात एवढा हिरवा शेवगा दुसरा नव्हता.

आयांशी बोलायची त्यांची पद्धत निराळी होती. तान्ह्या मुलाच्या तोंडात गुळाची चिंधी देऊन बाया कामाला लागत. दात येताना पोर किरकिर करू लागलं की हिरडीला मिश्री चोळत. मेजर ओरडत नसत. समोर बसून स्वतःच्या बोटाला ओलं फडकं गुंडाळत आणि बाळाच्या हिरड्यांवरून असं हळुवार फिरवत की बाळ ते बोट चोखू लागे. "दात यायच्या आधीपासनं हे करायचं. रोज. दात आला की बाभळीची काडी ठेचून मऊ करायची, तिनं घासायचं. आणि रात्री घासल्यावर काय द्यायचं न्हाई. गूळ न्हाई, दूध न्हाई." बाया लाजून पदर तोंडावर घेत, पण ऐकत.

एक वाक्य मात्र त्यांना सोसत नसे. किडका दात दाखवून ते सांगू लागले आणि एखादी आई किंवा आजी म्हणाली, "आवं सायब, दुधाचाच हाय की. पडंल आपसूक," की त्यांचा हात तिथंच थांबे. ते उठत, व्हरांड्याच्या टोकाला जात आणि पाठ करून उभे राहत. बराच वेळ. आई गोंधळून माझ्याकडे बघे, मूल तोंड उघडं ठेवून तसंच बसे. मग परत येऊन काहीच झालं नाही अशा आवाजात ते पुढचं सांगत. पहिल्यांदा मला वाटलं, राग आला असेल. पण परत आले तेव्हा त्यांचा चेहरा रागावलेल्या माणसाचा नव्हता. उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आलेल्या माणसासारखे ते चाचपडत स्टुलावर बसले.

त्यांना मनापासून हसताना मी एकदाच पाहिलं. जतकडची यल्लव्वा नावाची एक वैदीण पाल ठोकून गावाबाहेर राहिली होती. काटेरी रिंगणीच्या बियांचा धूर देऊन ती दातांतली कीड काढायची. पाण्याच्या वाटीत वळवळत्या अळ्या लोकांना दाखवायची. एका बाजारच्या दिवशी मेजर तिच्यापुढं जाऊन बसले आणि गाल धरून म्हणाले, "आजी, लय ठणकतंय." भोवती गर्दी जमली. यल्लव्वानं धूर दिला, नळी लावली, मंत्र पुटपुटली आणि वाटीत दोन अळ्या टाकल्या. "बघ सायबा, ह्या वरच्या दाढंतनं निगाल्या."

मेजरांनी तोंडात हात घालून वरची अख्खी कवळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. सैन्यात असताना जीप उलटून त्यांचे वरचे सगळे दात गेले होते. गर्दीतून हसण्याचा असा कल्लोळ उठला की बाजारातली जनावरं बिचकली. सगळ्यांत जास्त हसली ती यल्लव्वा. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेजरही हसत होते, बोळक्या तोंडानं, लहान पोरासारखे.

गर्दी पांगल्यावर ते तिला म्हणाले, "तुमी खुशाल धूर द्या. पोट हाय तुमाला. पर पोराचा गाल सुजलेला दिसला, तर धूर न्हाई, शेक न्हाई. तडक माज्याकडं पाठवायचं. एवढं माजं ऐका." यल्लव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुजं कोण गेलं रं, लेकरा?" मेजरांनी कवळी बसवली आणि सायकल घेऊन निघून गेले.

पहिलीत त्या वर्षी शालन नावाची एक मुलगी होती. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, आजीपाशी राहायची. गुरुवारी मुलं रांगेत उभी होती. मेजर प्रत्येकाला नाव विचारत, मग तोंड उघडायला सांगत.

"नाव काय?"

"शालन."

मेजरांनी आरसा मुठीत धरला. धरूनच ठेवला. मागची मुलं चुळबुळ करू लागली. शालननं तोंड उघडलं, दमली, मिटलं. शेवटी ते म्हणाले, "तू नंतर ये, बाळ." त्या दिवशी तो 'नंतर' काही आला नाही. पुढच्या गुरुवारीही ती समोर आली तेव्हा त्यांना अचानक पेटीतलं काही सापडेना. मला वाटलं, विसरले असतील. मग माझ्या लक्षात आलं की सुकडी खाताना ते सगळ्या मुलांकडे बघतात, शालन बसते त्या कोपऱ्याकडे तेवढे बघत नाहीत.

मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपून शाळा उघडली तरी शालन आली नाही. मला वाटलं, आई-बापांकडे गेली असेल.

एका सकाळी यल्लव्वा धापा टाकत शाळेच्या फाटकात आली. तो गुरुवारच होता. "मेजर कुटं हाय? त्या म्हातारीनं मला धूर द्याया बलावलं. मी न्हाई दिला. पोरीचा गळा बघ जाऊन."

मेजर उठले. मी मुलं हेडमास्तरांवर सोपवून त्यांच्या मागं गेले. घरात शालन आजीच्या मांडीवर पडली होती. एका बाजूचा गाल आणि हनुवटीखालचा भाग सुजून टणक झाला होता, कातडी चकाकत होती. तोंड धड उघडत नव्हतं, लाळ गळत होती. चुलीपाशी तव्यावर मिठाची पुरचुंडी तापत होती.

"आवं, दुधाचीच दाढ किडलीया," आजी म्हणाली. "शेकतेय मी. पडली की हुईल बरी."

या वेळी मेजर पाठ फिरवून बाहेर गेले नाहीत. त्यांनी ती पुरचुंडी उचलून बाहेर भिरकावली, शालनला उचलून बसती केली आणि पुढं झुकवून धरली. "आडवी करू नका. कुणीही आडवी करू नका तिला." त्यांचा आवाज मी तोवर तसा कधी ऐकला नव्हता. गावच्या दवाखान्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन आम्ही दुपारच्या पॅसेंजरनं सांगलीला निघालो. तिथं त्यांच्या ओळखीचे एक सर्जन होते. सैन्यात बरोबर दिवस काढलेली माणसं ती.

तो प्रवास मला अजून स्वप्नात दिसतो. गाडी प्रत्येक स्टेशनावर रेंगाळत होती. मेजरांनी शालनला मांडीवर बसवलं होतं, तिचं कपाळ आपल्या तळहातावर तोलून धरलं होतं. "गिळू नको, बाळ. थुंक. शाबास. आणखी." मी खाली तांब्या धरला होता. आजी पलीकडच्या बाकावर देवाचं नाव घेत होती. मधेच पोरीच्या श्वासात घरघर यायची. ती आली की मेजर डोळे मिटून ऐकत, आणि घरघर थांबली की पुन्हा बोलू लागत. एवढ्या वेळात त्यांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही.

दवाखान्यात सर्जननं तिला लगेच आत घेतलं. मेजर आत गेले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "बाई, विश्रामबागेत जाऊन आमच्या हिला घेऊन या. माझ्यानं जाववणार नाही."

"काय सांगू त्यांना?"

त्यांनी प्रथमच माझ्या डोळ्यांकडे बघितलं. "सांगा, शालनला आणलंय."

मी टांगा करून गेले. मेजरांच्या पत्नी अंगणात धुणं वाळत घालत होत्या. मी फाटकातूनच सांगितलं, "काकू, मेजरसाहेबांनी पाठवलंय. शालनला आणलंय म्हणाले. तुम्हाला बोलावलंय."

त्यांच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. "कुणाला आणलंय?"

"शालनला."

त्या पायरीवर बसल्या. लुगड्याचं पाणी त्यांच्या मांडीवर गळत होतं, त्यांना त्याचं भान नव्हतं. मला काही कळेना. मी घाईघाईनं म्हणाले, "माझ्या वर्गातली मुलगी आहे हो. सहा वर्षांची. दाढेचा पू गळ्यापर्यंत उतरलाय."

काकूंनी लुगडं पायरीवर ठेवलं. "आमचीही सहाचीच होती."

टांग्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. रडत नव्हत्या. रस्त्याकडे बघत, कुणा परक्याची हकिगत सांगावी तशा सांगत होत्या. "हे सुट्टीवर आले होते. पोरगी दिवसभर मागं मागं. एक दिवस मांडीवर बसून तोंड उघडून दाखवलं, बाबा, दाढ काळी झालीय. यांनी बघितलं. म्हणाले, दुधाचा आहे, पडेल. पुढच्या सुट्टीत बघू. दातांचा डॉक्टरच तो, मी कशाला काळजी करू? हे सरहद्दीवर परत गेले. महिन्याभरात गाल सुजला. मी शेक देत राहिले. शेजारणी म्हणाल्या, शेकानं ओसरेल. ताप चढला तेव्हा डॉक्टर आले. उशीर झालाय म्हणाले. हे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं."

टांगा रेल्वेच्या फाटकापाशी थांबला होता. मालगाडी जात होती.

"लोकांना वाटतं आमचं भांडण आहे म्हणून ते गावाला राहतात," त्या म्हणाल्या. "भांडलो असतो तर बरं झालं असतं. त्यांनी मला शेकाचं कधी विचारलं नाही. मी त्यांना त्या बोलण्याचं विचारलं नाही. समोरासमोर जेवायला बसलो की दोघांनाही घास गिळवत नाही. ते नाव त्या दिवसापासून घरात कुणी घेतलेलं नाही. तुम्हीच घेतलंत आज, फाटकात उभं राहून."

आम्ही पोचलो तेव्हा शालनला खाटेवर आणलं होतं. हनुवटीखाली छेद घेऊन पू काढला होता, गळ्याभोवती जाड पट्टी होती. ती दाढही काढून टाकली होती. उशा लावून तिला अर्धवट बसतं ठेवलं होतं. काकू सरळ आत गेल्या. खाटेपाशी बसल्या, तिच्या छातीवर हात ठेवून तो वरखाली होताना बघत राहिल्या. मग मोठ्यानं, अगदी मोठ्यानं म्हणाल्या, "शालन."

पोरीनं डोळे उघडले.

बाहेर बाकावर मेजर ताडकन उभे राहिले. मी दारातच होते, मला दोघंही दिसत होते. काकू म्हणाल्या, "श्वास नीट चाललाय. आत या."

"तू बघितलंस ना. बास झालं."

"मी शेक दिला होता."

"माहीत आहे मला," मेजर म्हणाले. "मी काय म्हणालो होतो, ते तूही ऐकलं होतंस."

"हो."

मेजर आत मात्र गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून दाराची चौकट घट्ट धरून बघत राहिले.

शालन वाचली. बरी होईपर्यंत काकूंनी तिला आणि तिच्या आजीला आपल्याच घरी ठेवून घेतलं. भाताची पेज, मऊ खिचडी, चमच्या-चमच्यानं भरवलं. पोरगी गावी परतली तेव्हा हनुवटीखाली बोटाएवढा व्रण होता आणि अंगावर नवं परकर-पोलकं होतं. त्याची शिवण जुन्या पद्धतीची होती. ते कुठून निघालं असेल, हे मी काकूंना कधी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, आता मेजर मोकळे होतील. तसं झालं नाही. ते शाळेत येत राहिले, आरसा उबवत राहिले, पण मुलांना नाव विचारायचं त्यांनी सोडलं. शालनला रांगेत सर्वांत पुढं उभी करत, तिचं तोंड बघत, पुन्हा बघत, आणि रांग संपल्यावर आणखी एकदा बोलावून बघत. तीही शहाणी, न कंटाळता तोंड उघडायची. एकदा त्यांनी तिला सोडल्यावर मी पाहिलं, त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. बाहेर पौषातली थंडी होती.

बदलली ती एकच गोष्ट. कुणी "दुधाचाच हाय की, पडंल" म्हणालं की ते आता उठून जात नसत. त्या बाईकडे बघून, शांतपणे म्हणत, "मीबी असंच म्हणलो होतो. माज्या पोरीला." आणि थांबत. पुढं काही सांगत नसत. त्या बाईला पुढचं विचारायचं धाडस होत नसे. ती पोराला पदराखाली ओढून घेई आणि दुसऱ्या दिवशी न सांगता त्याला घेऊन हजर होई. गावात त्यांना हसायचं लोकांनी सोडलं. पण मला वाटतं, हसत होते तेव्हाच ते जरा बरे होते.

माझी पुढं साताऱ्याला बदली झाली. मेजर आजारी आहेत, काकू त्यांना विश्रामबागेत घेऊन गेल्या आहेत, असं कळल्यावर एका रविवारी मी सांगलीला गेले. पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत ते बसले होते, पायांवर सैन्यातली करडी घोंगडी. काकू शेजारी जमिनीवर बसून पावटे सोलत होत्या. मेजरांनी मला ओळखलं. माझ्या तोंडाकडे नाही, पलीकडं रस्त्याकडं बघत म्हणाले, "शालन काय म्हणते?"

मला बरं वाटलं. मी भरभरून सांगू लागले. सातवीत गेली, गणितात पहिली आली, पोहायला शिकली, आजीला आता उलट बोलते. दात मोत्यासारखे आलेत. मेजर लक्ष देऊन ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "केस वाढले का गं? तापात कापले होते सगळे."

आमच्या शालनचे केस कुणी कापले नव्हते. दवाखान्यात तिच्या दोन वेण्या काकूंनीच घातल्या होत्या. मी काकूंकडे बघितलं.

काकूंचे हात थांबले नाहीत. शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. "वाढलेत," त्या म्हणाल्या. "कमरेच्या खाली आलेत. रोज विंचरते मी."

मेजरांनी मान हलवली. मग म्हणाले, "घट्ट बांधू नकोस. डोकं दुखतं तिचं."

"नाही बांधत," काकू म्हणाल्या.

त्यांचा डोळा लागला. मी हळूच उठले. काकू फाटकापर्यंत आल्या नाहीत. रस्त्यावर पोचल्यावर मी मागं वळून बघितलं. मेजर झोपले होते, आणि काकूंनी पावट्याचं ताट बाजूला सारून त्यांच्या पायावरची घोंगडी त्यांच्या छातीपर्यंत ओढून दिली होती.